शेऱ्याचा रकाना

वहीतली नोंद अशी आहे : ‘3 जून 1990. पाऊस निल. शेरा – आक्का चेरापुंजीस.’

अक्षर वडलांचं. तिरपं, एकात एक गेलेलं, शेतातनं येऊन हात न धुताच लिहिल्यासारखं. त्याच्या मागच्या पानावर आणि पुढच्या पानावर आक्काचं अक्षर आहे, फळ्यावर लिहावं तसं उभं आणि सुटं. अशा अकरा वह्या आहेत. लांबट, कापडी पुठ्ठ्याच्या, दुकानदार हिशेबाला वापरतात तसल्या. रकाने चार : तारीख, वेळ, मिलीमीटर, शेरा. पहिली नोंद जून 1979 ची आहे. आक्काच्या हातची शेवटची नोंद ऑगस्ट 2023 ची.

आक्का म्हणजे माझी आत्या. वडलांची थोरली बहीण, म्हणून ते आक्का म्हणायचे आणि मग सगळं घरच आक्का म्हणू लागलं. ती हायस्कूलला भूगोल शिकवायची, त्यामुळे गावाला ‘बाई’. ती देशभर फिरली, पण त्यावर तिनं एक ओळ लिहिलेली नाही. फोटो मोजून नऊ. ती गेल्यावर भेटायला आलेले लोक विचारायचे, बाई कुठं कुठं जाऊन आल्या हो? आम्हाला सलग सांगता यायचं नाही. मग गेल्या वर्षी मी या वह्या घेऊन बसले आणि लक्षात आलं की सगळं इथंच आहे. जिथं अक्षर बदलतं, तिथं आक्का गावात नाही. वडलांच्या अक्षरातले दिवस मी मोजले. ते 1,912 भरले, म्हणजे सव्वापाच वर्षं. चव्वेचाळीस वर्षांतली सव्वापाच वर्षं ती बाहेर होती, आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी साडेआठ वाजता अंगणातल्या पर्जन्यमापकाशी तिच्या जागी तिचा भाऊ उभा होता.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून थोडं आत. पावसाळ्यात पश्चिमेकडनं ढग पळत येतात आणि तसेच पळत पुढं निघून जातात. वर्षाचा पाऊस जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलीमीटर. जूनमध्ये चार सरी, मग सगळा भरवसा सप्टेंबरातल्या परतीच्या पावसावर. याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला महाबळेश्वर आहे. तिथं साडेपाच-सहा हजार मिलीमीटर कोसळतो. मधला रस्ता सव्वाशे किलोमीटरचाही नाही.

आक्का 1956 ची. 1972 च्या दुष्काळात ती सोळा वर्षांची होती. आजी खडी फोडायला जायची, आक्का पाट्या वाहायची. लाल मिलोच्या भाकरी आणि वाटपाची सुकडी यांची चव तिनं आयुष्यभर सांगितली. त्याच वर्षी कधीतरी गुरुजींनी वर्गात फळ्यावर लिहिलं : पर्जन्यछायेचा प्रदेश. हा प्रसंग ती पुनःपुन्हा सांगायची. छाया म्हटलं की तिला गार वाटायचं. रानात झाडाला पान नाही, जनावरांना उभं राहायला सावली नाही, आणि पुस्तक म्हणतंय तुम्ही छायेत राहता. तिनं गुरुजींना विचारलं, “कुणाची सावली, गुरुजी?” ते म्हणाले, सह्याद्रीची. तिनं पुढं विचारलं, “मग डोंगराच्या पल्याड काय हाय?”

ते बघायला ती जुलै 1975 मध्ये गेली. साताऱ्याला डी.एड. करत होती. एका रविवारी एसटीनं एकटीच महाबळेश्वरला जाऊन उभी राहिली. छत्री नव्हती, कारण छत्री ही वस्तू आमच्या घरातच नव्हती. चार तास भिजली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली. तीन दिवस तापानं फणफणली. तिथं काय पाहिलंस, असं मी लहानपणी विचारायची, तेव्हा ती म्हणायची, “धुक्यात काय दिसणार? नुसता आवाज. पण मी रडले बघ. रागानं रडले. एवढं पाणी, आणि आई तिकडं खडी फोडत होती.”

माझ्या समजुतीप्रमाणे तिचा सगळा प्रवास या रागातून सुरू झाला. पुढं राग निवला, पायांना लागलेली वाट राहिली.

1979 मध्ये ती नोकरीला लागली. शाळेतला पर्जन्यमापक गंजून फुटला होता, म्हणून पहिल्या पगारातनं तिनं स्वतःचा आणला. 127 मिलीमीटर व्यासाचं तोंड असलेलं नरसाळं, खाली बाटली, सोबत काचेची मोजनळी. अंगणात कडुनिंब होता, तेव्हा झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर पावलांनी मोजून तिनं तो गोठ्याच्या पलीकडं मोकळ्या जागेत बसवला. सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा आणि आजच्या तारखेला लिहायचा. हवामान खातं असंच मोजतं, मग आपणही असंच मोजायचं. वडील तेव्हा अठरा वर्षांचे. ते वैतागायचे : महिने न् महिने निल लिहायचं, तर रोज कशाला लिहायचं? आक्काचं एकच उत्तर असायचं, “निल बी मोजूनच लिहायचा. न बघता लिहिलास तर तो निल न्हवं, ती थाप झाली.”

वर्गात ती सांगायची की एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे वाक्य आमच्या गावातल्या दोन पिढ्यांना पाठ आहे. रस्त्यात गाठून ती कुणालाही विचारायची, तुझ्या घराचं छप्पर किती चौरस मीटर?

मे महिना आणि दिवाळी या तिच्या सुट्ट्या. गावात सुरुवातीला खूप बोललं गेलं. एकटी बाई, लग्न नाही, पायाला भिंगरी. तिनं लग्नाला नकार दिला तेव्हा आजोबा दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. आजी बोलायची, पण चुलीपाशी, हळू. जायच्या आदल्या रात्री आजी दुधात पीठ मळून दशम्या करायची, शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, आणि आजोबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, “जावा बाई, कुठं मरायला जायचं ते जावा.” आजीच्या तोंडून ‘जावा’ आलं की आक्का समजायची, परवानगी मिळाली.

पण 1980 च्या दशकात माणातली एक बाई एकटी केरळला, आसामला जाऊन राहायची कुठं, हा प्रश्न मलाही पडायचा. त्याचं उत्तर आमच्या भागातल्या माणसाला पटकन कळेल : गलाईवाले. शेजारचे खानापूर, आटपाडी, आणि आमचे माण-खटाव. पाण्यावाचून रानं पडली तेव्हा इथली तरुण पोरं सोनं-चांदी आटवण्याच्या धंद्यात शिरली आणि देशभर पांगली. सोनारांकडची मोड घ्यायची, त्यांच्या दुकानातली धूळसुद्धा झाडून आणायची, भट्टीवर मुशीत आटवायची, तेजाबात शुद्ध करायची. अरुंद बोळातली खोली, भट्टीची धग, तेजाबाचा डोळ्यांत जाणारा धूर. अशी दुकानं किती शहरांत आहेत याचा तिच्याइतका अनुभव फार थोड्यांना असेल. निघण्याआधी ती आठवडी बाजारात चौकशी करायची, अमक्या शहरात आपलं कोण आहे? कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा मेहुणा निघायचाच. चिठ्ठी घेऊन ती तिथं पोहोचायची. जाताना बाजरीचं पीठ, हुलगे आणि घरच्यांचे निरोप न्यायची, येताना पैसे आणि फोटो आणायची. हुलग्याचं माडगं खाऊन त्रिशूरमधली एक सून हमसून हमसून रडली होती, असं ती सांगायची.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या कोरडेपणानं ती माणसं देशभर पांगवली, त्याचंच मूळ बघायला ती निघाली होती, आणि मुक्कामाला त्यांच्याच घरी उतरत होती. डोंगराची सावली किती लांब पडते, हे तिनं असं पायी मोजलं.

चेरापुंजीचा प्रवास तिनं दोन वर्षं पैसे साठवून केला. कल्याणहून निघून, गाड्या बदलत, चौथ्या दिवशी गुवाहाटी. तिथं गलाईवाल्यांच्या घरी एक दिवस, मग शिलाँग, मग बस. शिलाँगबद्दल तिनं मला एकदा नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं, “हे पण आपल्यासारखंच, सावलीतलं.” बंगालच्या उपसागरावरनं आलेलं वारं बांगलादेशाच्या सपाटीवर कुठं अडत नाही, ते एकदम खासी टेकड्यांच्या कड्यावर आपटतं, वर चढतं, गार होतं आणि तिथंच रितं होतं. चेरापुंजीला, म्हणजे तिथल्या माणसांच्या सोहऱ्याला, वर्षाला अकरा हजार मिलीमीटरच्या वर. पन्नासेक किलोमीटर आत शिलाँगला त्याचा फार तर चौथा भाग. पुस्तकातला आकडा तिला तोंडपाठ होता : ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या बारा महिन्यांत चेरापुंजीला 26,461 मिलीमीटर. पुस्तकात त्या आकड्याखाली तिनं कंसात लिहिलं होतं, ‘आपला 55 वर्षांचा पाऊस’.

ती तिथंही मोजनळी घेऊन गेली होती. वहीच्या त्या पानाला तिनं परत आल्यावर एक चिठोरं चिकटवलं आहे : ‘सोहरा – 2 जून 118, 3 जून 241, 4 जून 67.’ शेजारी वडलांचे तीन निल. मी कितीदा तरी ते पान उघडून बघते. एकाच सकाळी, साडेआठ वाजता, तीन हजार किलोमीटरच्या अंतरानं बहीण-भाऊ आपापली बाटली उचलून बघत होते. तिच्या हातात बाटली भरून वाहत होती. यांच्या बाटलीत धूळ.

येताना तिनं एकच वस्तू आणली. तिथल्या बायका शेतात वाकून काम करताना पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, डोक्यापासून खाली मांड्यांपर्यंत येणारं, पालथ्या होडीसारखं. खासी भाषेत क्नुप. दोन्ही हात मोकळे राहतात. तीन-चार दिवसांच्या रेल्वे प्रवासात ते तिनं कुठं ठेवलं असेल कोण जाणे. घरी आणल्यावर सगळे गोळा झाले, कुणाला काही कळेना. गावातला एक धनगर मेंढरं घेऊन दरवर्षी दिवाळीनंतर कोकणात उतरायचा. तो म्हणाला, “अवो बाई, हे तर इरलं! लावणीच्या बाया घेत्यात, तसलं. कोकणात माळ्यावर टांगलेली बघितल्यात मी.” आक्का खूश झाली. दोन टोकांच्या दोन डोंगरांवर, एकमेकींचं नाव न ऐकलेल्या बायकांनी सारख्याच पावसाला सारखंच उत्तर शोधलं होतं. ते इरलं सोप्याच्या भिंतीवर खिळ्याला लटकलं. मला आठवतंय तेव्हापासून ते तिथंच होतं. पुढं शेऱ्याच्या रकान्यात एकदा तिनं लिहिलंय, जून 1995, ‘चेरापुंजीस एका दिवसात दीड हजारावर. येथे निल.’ तेव्हा ती गावातच होती. पेपरात वाचून लिहिलं असणार.

1996 च्या दिवाळीत ती जैसलमेरला गेली. पावसाच्या मागं फिरणारी आक्का वाळवंटात का गेली, याचं घरच्यांना नवल वाटलं. तिथं तर आमच्याहून निम्म्यानं कमी पाऊस, दोनशे मिलीमीटरच्या आतबाहेर. पण तिला बघायचं होतं ते वेगळंच. पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी उताराच्या तोंडाशी बांध घालून केलेली ‘खडीन’ नावाची शेतं तिनं पाहिली. पाऊस चार दिवसांचा, पण सगळ्या माळावरचं पाणी एका शेतात अडवून जिरवायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा काढायचा. घराघराच्या अंगणात चुन्यानं सारवलेली, झाकण आणि कुलूप असलेली टांकी तिनं पाहिली. आणि ती तिथनं तीन शब्द घेऊन आली. आभाळातनं पडतं, छपरावरनं नि अंगणातनं वाहत येतं ते पालर पाणी. खोल विहिरीतलं ते पाताळ पाणी. आणि या दोहोंच्या मधलं, वाळूत मुरून खालच्या जिप्समच्या थरावर थांबलेलं ते रेजाणी पाणी. एवढ्याशा पाण्याला तीन नावं. त्या नावांचं तिला चेरापुंजीच्या पावसाहून जास्त अप्रूप होतं असं मला वाटतं.

परत आल्यावर तिनं सोप्याच्या छपराचं माप घेतलं. चाळीस चौरस मीटर. गुणिले साडेचारशे. अठरा हजार लिटर. “आणि आपण टँकरची वाट बघतोय,” ती वडलांना म्हणाली. 1997 च्या उन्हाळ्यात अंगण खोदलं, पंधरा हजार लिटरचं टाकं बांधलं. तो गवंडी किल्ल्यांवर फिरलेला होता, तो म्हणाला, बाई, किल्ल्यावर असतंय तसलं टाकं का? आक्का म्हणाली, “तसलंच. राजस्थानात टांका म्हणत्यात, आपण टाकं म्हणतो. शब्द राहिला आपल्याकडं, वस्तू तेवढी इसरलो.” त्या टाक्यातलं पाणी आमच्या घरात आजही पालर म्हणूनच ओळखलं जातं. पुण्यात माझ्या सासरी मी एकदा बोलता बोलता “पालर घेऊ का?” म्हणून गेले, आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

लडाखला ती 2003 मध्ये गेली. लेहला पाऊस वर्षाला शंभर मिलीमीटरच्या आसपास, कारण अख्खा हिमालय मधे उभा. तिथं गावानं नेमलेला चुरपोन असतो, वितळलेल्या बर्फाचं पाणी कुणाच्या शेताला किती वेळ सोडायचं हे तो ठरवतो. ‘म्हणजे पाटकरीच’, असा शेरा तिनं परतल्यावर वडलांच्या नोंदीशेजारी लिहून ठेवला आहे. बाकी जोगचा धबधबा, माजुली, कच्छचं रण, धनुष्कोडी हे सगळं वह्यांत एकेका शब्दात येतं आणि जातं. त्याबद्दल मला जास्त सांगता येणार नाही, कारण त्या प्रवासांच्या वेळी मी शाळा, परीक्षा, मैत्रिणी यांत होते आणि विचारलं नाही.

एका प्रवासात मात्र मी होते. जून 2000, मी अकरा वर्षांची. शाळा सुरू व्हायच्या आधी आक्का म्हणाली, चल, पाऊस आणायला जाऊ. त्रिशूरला त्या माडगंवाल्या सुनेच्या घरी आम्ही उतरलो. सकाळपासून हवा इतकी जड होती की पाटीवर लिहिलेलं पुसलं जाईल असं वाटत होतं. दुपारी अंधारून आलं. आक्कानं मला बोळाच्या तोंडाशी नेऊन उभं केलं आणि नुसतं म्हणाली, “ऐक.” आधी लांबच्या पत्र्यांवर आवाज आला, मग जवळच्या, मग माडांच्या झावळ्यांवर, मग आमच्यावर. पाऊस चालत येतो हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडं तो एकतर असतो, नाहीतर नसतो. येताना मी कधी ऐकला नव्हता.

चार दिवसांनी कोकण रेल्वेनं निघालो. पाऊस कधी पुढं, कधी मागं. चिपळूणला उतरलो तेव्हा धो धो. एसटी कुंभार्ली घाट चढली ती ढगातच, ड्रायव्हरला समोरचं दिसत नव्हतं. कोयनानगरला धार, पाटणला भुरभुर. कराडला रस्ते नुसते ओले. वडूजच्या अलीकडं खिडकीतनं पहिली धूळ आत आली. मी पूर्ण रस्ताभर बाहेर बघत होते आणि आक्का माझ्याकडं. भूगोलाचा एक अख्खा धडा एका दिवसात, एसटीच्या खिडकीतनं. दहिवडीला उतरल्यावर मी विचारलं, “आक्का, पाऊस कुठं सांडला?” ती म्हणाली, “आता तुला कळलं मी कुठं कुठं बघाय जाते ते.”

घरी वडलांनी नोंदी बिनचूक ठेवल्या होत्या. नऊ दिवस, नऊ निल. शेरा : ‘आक्का व पोरगी पावसाकडे.’

2014 मध्ये आक्का निवृत्त झाली. पुढच्या फेब्रुवारीत आम्ही दोघी चेरापुंजीला गेलो. पंचवीस वर्षांनी तिला ते परत बघायचं होतं, आणि सुट्टीचं बंधन गेल्यामुळे पहिल्यांदाच उन्हाळ्याच्या तोंडावर जाता येणार होतं. आभाळ निळंशार. पठार पिवळं पडलेलं, आमच्या माळासारखंच. नोहकालिकाईचा धबधबा, साडेतीनशे मीटरच्या आसपास उंचीचा, त्याची सुतळीएवढी धार. पावसानं माती कधीच धुऊन नेली आहे, उरलेल्या चुनखडीत पाणी थांबत नाही, झाडं तुटली आहेत. सकाळी चालायला निघालो, तर समोरनं तीन मुली आल्या. कपाळाला पट्टा, पाठीवर वेताची टोपली, टोपलीत पाण्याचे कॅन. चढावर वाकून, एकमेकींशी बोलत, हसत. त्यांच्या मागनं रस्त्याच्या वळणावर एक गाडी आली, तिच्यावर पाण्याची मोठी टाकी.

आक्का रस्त्याकडेच्या दगडावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, हितं बी टँकर.”

मी तिच्या शेजारी बसून राहिले. एकोणीस वर्षांच्या मुलीनं महाबळेश्वरला उभं राहून जो राग धरला होता, तो मला त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर शोधूनही दिसला नाही. ती त्या मुलींकडं फार मायेनं बघत होती. मग उठली, सगळ्यात मागच्या मुलीला गाठलं आणि मोडक्या हिंदीत विचारायला लागली : पाणी किती लांबनं आणता, छप्पर कसलं आहे, पत्र्याचं का, किती बाय किती? खिशातनं पेन काढलं आणि तळहातावर हिशेब मांडायला लागली. ती मुलगी लाजून हसत होती. चाळीस चौरस मीटरचं छप्पर आणि अकरा हजार मिलीमीटर पाऊस. चार लाख चाळीस हजार लिटर. तो आकडा बघून आक्काच हरखली. “एका छपरावर, गं!” ती मला म्हणाली. “एका छपरावर!”

तिथून आल्यावर ती फारशी लांब गेली नाही. 2017 च्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेचं श्रमदान झालं, तेव्हा रोज पहाटे टिकाव घेऊन टेकडीवर जायची. एकसष्टाव्या वर्षी समतल चर खोदणाऱ्या पोरांच्या रांगेत ती आणि तिचे जुने विद्यार्थी. त्या दिवसांत वहीत तिच्याच अक्षरात शेरा आहे : ‘टेकडीवर.’ घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरची टेकडी, पण तिच्या लेखी तोही प्रवास होता.

मे 2023 मध्ये तिचा फोन आला. “यंदा जाऊ या का परत त्रिशूरला? पाऊस आणायला?” माझ्या ऑफिसात कामाची घाई होती, मुलाची शाळा सुरू व्हायची होती. मी म्हणाले, आक्का, पुढच्या वर्षी नक्की. ती लगेच म्हणाली, “बरं बरं, तुझं बघ.” तिच्या आवाजात किंचितही रुसवा नव्हता, आणि तेच मला आजवर टोचतं. रुसली असती तर मी गेले असते.

तो पाऊस केरळातच आठवडाभर उशिरा पोचला. ऑगस्टमध्ये त्यानं देशभर दडी मारली. 1901 पासून नोंदी आहेत, त्यात इतका कोरडा ऑगस्ट कधी झाला नव्हता. आक्काला हृदयाचा त्रास सुरू झाला होता. एका पहाटे झोपेतच गेली. आदल्या सकाळची नोंद तिच्या हातची आहे, अक्षर थोडं हललेलं : ‘8.30. निल.’ माणगंगेला पाणी नव्हतं, म्हणून रक्षा नदीत सोडायचा प्रश्नच आला नाही. वडलांनी ती टेकडीवरच्या चरांत नेऊन टाकली.

ती गेली त्याच दिवशी सकाळी साडेआठला, घर माणसांनी भरलेलं असताना, वडील गोठ्याच्या पलीकडं जाऊन आले आणि वही उघडून बसले. कुणी त्यांना अडवलं नाही. त्या पानावर तारीख आहे, वेळ आहे, निल आहे. शेऱ्याचा रकाना रिकामा आहे. त्याच्या पुढच्या दिवशी रिकामा. त्यापुढची सगळी पानं मी चाळली. एकवीस महिने वडलांचं अक्षर सलग आहे आणि शेरा कोरा. इतकी वर्षं त्यांनी त्या रकान्यात एकच गोष्ट लिहिली होती, आक्का कुठं आहे ती.

मे 2025 च्या शेवटच्या आठवड्यात मी गावी होते. त्या वर्षी मान्सून केरळात 24 मे रोजीच आला, आणि आमच्याकडं त्याच्याही आधीपासून पाऊस लागला होता. मे महिन्यात, माणात, दिवस दिवस. माझ्या आईनं असा मे बघितलेला नाही. टाकं भरून वाहिलं. रात्रभर पत्र्यावर आवाज, ओढ्याचा आवाज वेगळा. सकाळी साडेआठला वडील उठले, दारात जाऊन थांबले. छत्री वाऱ्यात टिकेना. मग ते मागं वळले, सोप्याच्या भिंतीकडं गेले, हात उंच करून खिळ्यावरचं इरलं काढलं. पस्तीस वर्षांची धूळ त्यांच्या डोक्यावर पडली. आई म्हणाली, अवो, मोडंल ते. ते काही बोलले नाहीत. डोक्यावर घेतलं, वाकले, आणि गोठ्याकडं चालू लागले. पावसात ते पाठमोरे जाताना मला त्यांची फक्त पावलं दिसत होती.

अर्ध्या तासानं आले. ओढ्यापर्यंत जाऊन आले होते. इरलं दाराबाहेर कुडाला टेकवून ठेवलं. कामट्यांमधली जुनी पानं दोन-तीन ठिकाणी गळून गेली होती, पण त्यांचे खांदे कोरडे होते. टॉवेलनं हात पुसले, अगदी बोटांच्या मधनंसुद्धा, आणि वही घेतली. मी शेजारी जाऊन बसले.

मिलीमीटरच्या रकान्यात त्यांनी 96 लिहिलं. पेन उचललं, थोडं थांबले. मग शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्या त्या तिरप्या अक्षरात, सावकाश लिहिलं : ‘ओढ्याला पूर. आक्काचं इरलं घेतलं.’